नाही-दहा

झेलिगने चेंडू लाकडी जमिनीवर आपटला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाला, "नाही-एक."

पुन्हा आपटला. "नाही-दोन."

डाव्या बरगडीत कळ उठत होती. हार्लो फॉल्स कॉलेजचा तो दांडगा वॉल्टर प्रेंटिस, पंचाची नजर चुकवून कोपर मारण्यात त्याचा हात धरणारा त्या अख्ख्या प्रांतात कोणी नव्हता. कोपर पंचाला दिसलं नव्हतं, पण पाठोपाठचा धक्का दिसला आणि शिट्टी वाजली. गुण सारखे होते, सामना संपत आला होता, आणि त्या दिवसांत बास्केटबॉलमध्ये संघाचे सगळे फ्री थ्रो एकच माणूस मारायचा. न्यूयॉर्कच्या फी न घेणाऱ्या, म्हणून लोक 'फुकटं' म्हणत त्या कॉलेजच्या संघात तो माणूस होता कप्तान झेलिग क्रुपनिक.

"ए हातगाडीवाल्या!" गॅलरीतून कोणीतरी ओरडलं. "तागडीत टाकायचं नाहीये रे, टोपलीत टाकायचंय!"

सगळं सभागृह खदखदलं. प्रेंटिस झेलिगपासून हातभर अंतरावर रेषेला पाय लावून उभा होता. त्याचा आवाज तर गॅलरीच्या वरताण. "नाक जरा बाजूला घे, नेम चुकेल तुझा!" मग पलीकडे उभ्या असलेल्या, झेलिगच्याच संघातल्या मोटके शाइनबाउमकडे वळून, "आणि तुझं तर टोपलीतच अडकेल, लेका!"

मोटकेच्या मुठी आवळल्या. झेलिगने मान हलवून त्याला थोपवलं, चेंडू आपटला आणि या वेळी जरा मोठ्याने, ज्यूंच्या घरच्या बोलीत, यिडिशमध्ये म्हणाला, "नाही-तीन."

प्रेंटिसचं हसणं मध्येच तुटलं. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी बांधलेलीच होती. पण हे पाहायला झेलिगला सवड कुठली? त्याची नजर टोपलीवर होती.

झेलिगचा चेंडू कधी उंच जात नसे. त्याच्या गल्लीत, हेस्टर स्ट्रीटवर, याच्या शंभर गोष्टी सांगतात आणि त्यातल्या नव्वद तरी खोट्या आहेत. कोणी म्हणतं, तो आईच्या पोटातूनच हात पुढे करून आला. कोणी म्हणतं, त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यावरून फेकलेला कोबी लोणचंवाल्याच्या पिंपात नेमका पडला आणि लोणचंवाल्याने तो परत द्यायला साफ नकार दिला. खरं एवढंच, की चिंध्यांचा गोळा आणि बिनबुडाची पीचची टोपली यांवर त्याचं बालपण गेलं, आणि पुढे वस्तीतल्या ज्या समाजकेंद्राच्या तळघरात तो खेळायला शिकला तिथे छताखालून वाफेचा नळ जात होता. चेंडू उंच फेकला की नळाला लागायचा आणि वरच्या मजल्यावरची बाई काठी घेऊन खाली यायची. म्हणून झेलिग सपाट फेकायला शिकला. शहरातल्या वर्तमानपत्रांनी मात्र लिहिलं, की हे लोक जात्याच चलाख, असल्या लपवाछपवीच्या खेळात त्यांना कोण हरवणार. नळाबद्दल कोणी लिहिलं नाही.

त्याने गुडघे वाकवले, दोन्ही हातांनी चेंडू खालून झुलवला आणि सोडून दिला.

चेंडू जाळीतून पडला तेव्हा हार्लो फॉल्सचं सभागृह असं गप्प झालं, की कोपऱ्यातल्या शेगडीत निखाऱ्याने कूस बदललेली ऐकू आली.

---

आपल्या ज्यूंकडे माणसं मोजत नाहीत. मोजलं की नजर लागते. पण प्रार्थनेला दहा पुरुष तर लागतातच, आणि ते झाले की नाही हे कळायला तर हवं. म्हणून मोजायचं, पण मोजत नाही असं सांगत मोजायचं. नाही-एक, नाही-दोन. झेलिगचा बाप अव्रोम क्रुपनिक पाटलोणींच्या कारखान्यात इस्त्री करायचा. त्याला ही सवय अशी भिनलेली, की तो जेवायला बसलेली पोरं तर अशी मोजायचाच, पण पाटलोणीसुद्धा अशाच मोजायचा. मालकाने विचारलं, की सांगायचा, "नाही-चाळीस." मालकाला घाम फुटायचा.

बापाने झेलिगचा एकही सामना पाहिला नाही. "मोठी मोठी पोरं, आतल्या कपड्यांवर, एका चेंडूमागे," एवढंच म्हणायचा आणि वाक्य अर्धं सोडून इस्त्री उचलायचा. गेल्या वर्षी वसंतात झेलिग असाच बाहेरगावी खेळायला गेला होता. जिंकून, खांद्यावर पिशवी टाकून, शीळ वाजवत जिना चढला. दार उघडंच होतं. आत भिंतीवरचा आरसा चादरीने झाकलेला दिसला, आणि शीळ ओठांवरच राहिली. झाकलेल्या आरशाचा अर्थ आपल्यात कोणाला सांगावा लागत नाही.

शोकाचे सात दिवस संपल्यावर आई म्हणाली, "खेळ. मी नको म्हणत नाही. पण अकरा महिने त्याचा कद्दिश चुकवू नकोस. एकही दिवस कोरडा जाऊ द्यायचा नाही."

मेलेल्या बापासाठी पोराने उभं राहून म्हणायचं ते कद्दिश, आणि ते दहांच्या समोरच म्हणायचं. एकट्याने म्हटलेलं चालत नाही. झेलिगने एकही दिवस चुकवला नाही. फक्त म्हणायचा तो अशा झपाट्याने, की देवळातला शमेस, म्हणजे व्यवस्था बघणारा म्हातारा, कुरकुरायचा, "या पोराचं कद्दिश म्हणजे आगगाडी आहे. आम्हाला आमेन म्हणायला चढायलाच मिळत नाही." झेलिग हसायचा आणि सरावाला पळायचा. हळू म्हटलं की काय होतं, ते त्याने पहिल्या आठवड्यात एकदा पाहिलं होतं. शब्द आणि शब्दाच्या मध्ये इस्त्रीची वाफ यायची. त्यानंतर त्याने मध्ये जागाच ठेवली नाही.

आता अकरा महिन्यांतले थोडेच दिवस उरले होते. आजची गाडी पहाटेआधीच निघाली होती, देवळाचं दार उघडण्याच्याही आधी. म्हणून आजचा सगळा भार मावळतीच्या प्रार्थनेवर होता, आणि ती सूर्य बुडायच्या आत व्हायला हवी होती. हार्लो फॉल्समध्ये टोव्हबिन नावाच्या एका बूटवाल्याने कळवलं होतं, काळजी करू नकोस, तुमचे सहा, आमचे चार, दहा होतील.

---

कपडे बदलायला त्यांना कोळशाच्या कोठाराशेजारची खोली दिली होती. तिला एकच खिडकी, उंचावर, पश्चिमेला. बर्फावरून येणारं तांबडं ऊन समोरच्या भिंतीवर चौकोन पाडून बसलं होतं, आणि तो चौकोन हळूहळू वर सरकत होता.

बूटवाला टोव्हबिन दारातच भेटला. बुटका, गळ्याभोवती तीन मफलर. मागे त्याचा म्हातारा सासरा आणि त्यांच्याकडे राहणारा एक फेरीवाला.

"चौथा?" झेलिगने विचारलं.

"माझा मेहुणा. पलीकडच्या गावाहून यायचा होता." टोव्हबिनने मफलर सैल केला. "रस्ता बुजलाय, पोरा. घोडाच काय, घुबडसुद्धा येणार नाही."

तरी टोव्हबिनने मोजून पाहिलं. बूटवाल्याची खोड अशी, की त्याचं बोट माणसांकडे न जाता त्यांच्या बुटांकडे जायचं. "नाही-एक, नाही-दोन, नाही-तीन..." बोट खोलीभर फिरलं. संघातला सातवा, इटालियन ख्रिश्चन रोसेट्टी, बाकावर मोजे काढत बसला होता. बोट त्याच्या पायांवरून नुसतंच पुढे गेलं. "नाही-आठ, नाही-नऊ." आणि बोट रिकाम्या फरशीवर येऊन थांबलं.

कोच डोहर्टी दाराला टेकून पाहत होता. आयरिश माणूस, तोंडात विझलेली चिरूट. "किती झाले?"

"नाही-नऊ," मोटके म्हणाला.

"नऊ नाहीत? मग किती आहेत?"

"नऊ."

"मेरीमाते!" डोहर्टी म्हणाला. "तीन वर्षं मी या लोकांचा स्कोअर लिहितोय."

रोसेट्टी उभा राहिला. एका पायात मोजा, एक पाय उघडा. "मी चालणार नाही का? मला सवय आहे. मान खाली घालायची, मधूनमधून आमेन म्हणायचं. आमच्याकडेही तेच असतं."

म्हातारा सासरा त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या गालाला हात लावला. "तुझ्या आईने तुला चांगलं वाढवलंय रे बाळा. पण ही पंगत वेगळी आहे."

फेरीवाला म्हणाला, "गिरणीत आपल्यातलाच एकजण आहे म्हणतात, नाव बदललेला..."

"गिरणी नदीपलीकडे आहे," टोव्हबिन म्हणाला. "आणि नाव बदललेला माणूस बोलावल्याने येतो होय?"

चौकोन भिंतीवर चढत होता. झेलिग बाकावर बसला, कोपरं गुडघ्यांवर टेकवून. जिंकल्यावर पाठीवर थापा मारायच्या असतात, हे सगळे विसरून गेले होते. मोटके येऊन त्याच्याजवळ बसला.

"तुझ्या आईला सांगायचं नाही," मोटके हळूच म्हणाला. "आम्हीही सांगणार नाही. एक दिवस, झेलिग. अकरा महिन्यांत एकच."

"तिला कळायचं सोड," झेलिग म्हणाला. "त्या दिवशीही मी असाच जिंकत होतो."

मोटकेने मानेवरचा ओला टॉवेल वरच्या खुंटीला अडकवला.

तेवढ्यात दार किरकिरलं. वारा आत आला आणि वाऱ्यामागून एक माणूस. ओले केस, हार्लो फॉल्सचा स्वेटर, पायात अजून खेळाचेच बूट. वॉल्टर प्रेंटिस.

"सामना संपला, राजे," मोटके उठून म्हणाला. "कोपर विसरलं का इथे?"

प्रेंटिसने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याची नजर फरशीवर होती, जिथे टोव्हबिनचं बोट थांबलं होतं तिथे. त्याने दोन पावलं टाकली आणि त्या जागेवर उभा राहिला. मग अगदी खालच्या आवाजात, फार दिवस बंद असलेल्या खोलीची कडी काढावी तसं अडखळत, तो यिडिशमध्ये म्हणाला,

"नाही-दहा."

शेजारच्या कोठारात कोळसा घरंगळल्याचा आवाज आला. असं मोजणं पुस्तकातून शिकता येत नाही. हे फक्त जेवायच्या टेबलाशी, कोणाच्या तरी बोटाखाली बसून शिकता येतं.

सगळ्यांत आधी मोटकेला वाचा फुटली. "हा? हा दहावा?"

"मोटके," झेलिग म्हणाला.

"मोटके काय? दुपारभर याने माझ्या नाकावर गाव हसवलं! गॅलरीतले तरी बरे, त्यांना काही ठाऊक नाही. याला तर सगळं ठाऊक होतं! आणि तुझी बरगडी? शर्ट वर कर, दाखव याला!"

प्रेंटिसने मान वर केली नाही. हात मागे जाऊन दाराची मूठ चाचपत होता. जा म्हटलं असतं, तर तो गेला असता. आणि कदाचित त्यालाही तेच सोपं वाटलं असतं.

टोव्हबिन झेलिगकडे पाहू लागला. सासरा झेलिगकडे पाहू लागला. कद्दिश ज्याचं, निकाल त्याचा.

झेलिगने बरगडीवर हात ठेवला. तिथे आता कोपराएवढी सूज होती. त्याने भिंतीकडे पाहिलं. उन्हाचा चौकोन छतापर्यंत पोचायला वीतभर राहिला होता. मग तो बाकावरून उठला आणि बाजूला सरकला, शेजारी एक माणूस उभा राहील एवढा.

"दार लाव," तो म्हणाला. "वारा येतोय."

प्रेंटिसने दार लावलं.

"डोकं," टोव्हबिन म्हणाला. "उघड्या डोक्याने नाही."

जास्तीची टोपी कोणाकडे नव्हती. सगळे खिसे चाचपू लागले. मोटकेने खुंटीवरचा आपला टॉवेल ओढला, घामाने ओला, आणि प्रेंटिसच्या छातीवर फेकून मारला.

"घे. आणि परत देऊ नकोस, मला नको तो."

प्रेंटिसने टॉवेल डोक्यावर घेतला. तो मोठा होता. कपाळावरून, गालांवरून खाली आला, आणि आत चेहरा दिसेनासा झाला.

पूर्व कुठली ते सासऱ्याने दाखवलं. दहाजण भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रोसेट्टीने दुसरा मोजा हातातच धरला आणि बाकावर अंग चोरून बसला. टोव्हबिनने सुरुवात केली; त्याचा आवाज दुकानात भाव सांगावा तसा होता, घाईचा आणि खणखणीत.

उभ्याने मनातल्या मनात म्हणायचा भाग आला. इथे कोणी बोलत नाही. आग लागली तरी बोलत नाही. आणि नेमकं तेव्हाच दार धाडकन उघडलं. हार्लो फॉल्सचा मॅनेजर होता, गळ्यात शिट्टी.

"प्रेंटिस आलाय का इकडे? तिकडे प्राचार्यसाहेबांच्या घरी जेवणाला सगळे खोळंबलेत!"

समोर पाठींची एक रांग. नऊ टोप्या आणि एक टॉवेल. टॉवेलखालचे खांदे दगडासारखे झाले.

डोहर्टीने तोंडातली चिरूट काढली. तो रांगेकडे बघत राहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, जणू पहिल्यांदाच मोजत होता.

"इथे?" तो म्हणाला. "इथे सगळी माझीच पोरं आहेत."

"मग गेला कुठे हा?"

"नदीकडे बघा. हरलेली माणसं नदीकडे जातात."

दार बंद झालं. चौकोन छताला टेकला होता, आता त्याची नुसती एक तांबडी रेघ उरली होती. टोव्हबिनने मागे न वळता हाताने खूण केली. झेलिगची वेळ झाली होती.

झेलिगने श्वास घेतला आणि सुरू केलं, नेहमीसारखं, तळघरातल्या नळाखालून मारलेल्या चेंडूसारखं, सपाट आणि वेगात. पहिला शब्द गेला. दुसरा गेला.

आणि त्याच्या शेजारून, टॉवेलच्या आतून, दुसरा एक आवाज निघाला.

आमेनची जागा अजून आली नव्हती. तो आवाज आमेन म्हणत नव्हता. तेच शब्द म्हणत होता. आणि ते शब्द ज्याचं कोणी गेलंय त्यानेच म्हणायचे असतात. सासऱ्याने मान वळवली. मोटकेचं तोंड उघडं राहिलं. तो आवाज पहिला शब्द बोलला, दुसरा निम्मा बोलला, तिसऱ्याला चाचपडला आणि हरवला. अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपल्या असं वाटावं आणि त्या संपलेल्या नसाव्यात, तसा. हा जिना तो याआधी कधीच उतरला नव्हता. कोणाचा बाप, कधी गेला, कुठे पुरला, आणि त्याच्यासाठी आजवर एकदा तरी कोणी उभं राहिलं होतं का, हे तिथे कोणी विचारलं नाही.

झेलिग एव्हाना बराच पुढे गेला होता. अकरा महिन्यांत तो मध्ये कधी थांबला नव्हता.

तो थांबला.

बाहेर, दूर वळणावर, त्यांच्या परतीच्या गाडीची शिट्टी झाली. डोहर्टीने घड्याळ काढलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि न बोलता परत खिशात घातलं.

झेलिग मागे आला. हरवलेला शब्द त्याने पुन्हा उच्चारला, तुकडे करून, पोराला घास भरवावा तसा. शेजारच्या आवाजाने तो उचलला. मग झेलिगने पुढचा शब्द ठेवला. त्या दोन शब्दांच्या मध्ये जागा राहिली, आणि त्या जागेत वाफेचा वास आला, गरम लोकरीचा, ओल्या फडक्याचा. झेलिगने तो येऊ दिला.

आमेनची जागा आली. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने मोटके म्हणाला.

गाडीची शिट्टी आता जवळ आली होती. झेलिग पुढचा शब्द म्हणाला, आणि वाट पाहत उभा राहिला.